उड्डाणांची मोजदाद आणि पतनाची स्मृती : स्त्री-बलूनचालकांच्या कारकिर्दीविषयी काही विचार

१

दस्तयेव्हस्की ह्यांच्या ‘जुगारी’ (१८६६) ह्या कादंबरीचा नायक एका निर्णायक डावात जवळचे सारे पैसे पणाला लावतो. चाक फिरून थांबेपर्यंतच्या क्षणभरात त्याच्या मनाची जी अवस्था होते, तिचे वर्णन करताना त्याला पॅरिसमध्ये बलूनमधून जमिनीकडे येणाऱ्या मादाम ब्लांशार आठवतात. त्या कोण, कोठल्या, त्यांचे काय झाले, ह्यांपैकी काहीही लेखक सांगत नाही. सांगण्याची गरज त्याला वाटत नाही, कारण वाचकाला ते ठाऊक आहे असे त्याने गृहीत धरले आहे. घटनेला तोवर सत्तेचाळीस वर्षे होऊन गेली होती. ती पॅरिसमध्ये घडली होती आणि कादंबरी रशियन भाषेत लिहिली जात होती. तरीही केवळ नामोल्लेख पुरेसा ठरला.

साहित्याच्या तौलनिक अभ्यासकास अशा नामोल्लेखाचे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. एका स्त्रीचे नाव देशाच्या आणि भाषेच्या सीमा ओलांडून गेले, परंतु ह्या प्रवासात त्या नावाबरोबर नेमके काय गेले आणि काय मागे राहिले? सोफी ब्लांशार ह्यांनी सुमारे पंधरा वर्षे बलूनचालनाचा व्यवसाय केला. त्यांच्या उड्डाणांची संख्या साठांहून अधिक होती. त्यांपैकी साहित्यात उरले ते एकच, आणि तेही उड्डाण म्हणून उरले नाही, पतन म्हणून उरले.

प्रस्तुत लेखात ह्याच विसंगतीचा विचार करावयाचा आहे. स्त्री-बलूनचालकांच्या इतिहासात कारकीर्द आणि पतन ह्यांपैकी स्मृती कशाची निवड करते. ती निवड कोणत्या वाङ्मयीन रूपांमुळे घडते. आणि विसाव्या शतकात हा व्यवसाय स्पर्धात्मक क्रीडाप्रकार झाल्यावर त्या निवडीत काही बदल झाला काय, असे तीन प्रश्न येथे आहेत. विषय वरवर पाहता साहित्याबाहेरचा वाटेल. परंतु एखाद्या आयुष्याची गोष्ट कोठून सुरू करावयाची आणि कोठे संपवावयाची, हा प्रश्न कथनाचाच आहे.

२

पहिले उदाहरण व्यवसायाच्या आरंभकाळातले आहे. माँगोल्फिए बंधूंनी १७८३ च्या जूनमध्ये आनोने येथे उष्ण हवेचे बलून जाहीरपणे उडवून दाखविले आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये दोन पुरुषांनी पहिले मुक्त उड्डाण केले. त्यानंतर सातव्या महिन्यात, ४ जून १७८४ रोजी, लियों येथून एलिझाबेत तिब्ल ह्यांनी फ्लरां नामक चित्रकाराबरोबर उड्डाण केले. स्वीडनचे राजे तिसरे गुस्ताव त्या वेळी लियोंमध्ये होते आणि त्यांच्याच सन्मानार्थ बलूनला ‘ला गुस्ताव’ असे नाव देण्यात आले होते. उड्डाण सुमारे पाऊण तास चालले. मुक्त बलूनमधून आकाशात गेलेली पहिली स्त्री म्हणून तिब्ल ह्यांची नोंद होते.

ह्या प्रसंगाची जी आठवण लोकप्रिय लेखनात टिकली, तीत दोन गोष्टी ठळक आहेत. तिब्ल ह्यांनी मिनर्व्हा ह्या रोमन देवतेचा वेश केला होता आणि वर जाताना त्यांनी त्या काळच्या एका प्रसिद्ध संगीतिकेतील गाणी म्हटली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र त्याच वृत्तान्तात तिसरीही गोष्ट आहे. उड्डाणभर आगटीत सरपण घालण्याचे काम तिब्ल ह्यांनी केले, आणि उड्डाण यशस्वी झाल्याचे श्रेय फ्लरां ह्यांनी त्यांनाच दिले.

हे काम म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. उष्ण हवेच्या बलूनला सुकाणू नसते आणि पंखही नसतात. आवरणातील हवा बाहेरच्या हवेपेक्षा अधिक तापलेली, म्हणून हलकी, असते तोवर ते वर राहते; ती निवते तसे ते खाली येते. आग किती आणि केव्हा वाढवावयाची, हा निर्णय म्हणजेच बलून चालविणे होय. आग कमी पडली तर बलून उतरते, अतिरेक झाला तर कागद लावलेले कापडी आवरण पेट घेते. तेव्हा त्या दिवशी सरपण घालणारी व्यक्ती त्या बलूनची चालक होती, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. लोकस्मृतीने मात्र गाणे ठेवले आणि सरपण टाकून दिले. देवतेचा वेश चित्रात शोभतो. काजळीने माखलेले हात त्या चित्रात बसत नाहीत.

३

सोफी ब्लांशार ह्यांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. त्यांचा जन्म १७७८ मध्ये ला रोशेलजवळ झाला. पती झां-प्येर ब्लांशार हे नामांकित बलूनचालक होते, परंतु व्यवहारात अपयशी आणि कर्जबाजारी होते. २७ डिसेंबर १८०४ रोजी मार्सेय येथे सोफी पतीबरोबर प्रथम आकाशात गेल्या, आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये तुलूझ येथून त्यांनी एकटीने उड्डाण केले. १८०९ मध्ये पती निधन पावले. मागे कर्ज राहिले. ते फेडण्याचे त्यांच्याजवळचे साधन म्हणजे बलून.

येथपासून त्यांचे निर्णय एका व्यावसायिकाचे आहेत. त्यांनी हायड्रोजनचे बलून निवडले, कारण त्यात सतत आग सांभाळावी लागत नाही. त्या शरीराने लहानखुऱ्या होत्या. ह्या हलकेपणाचा लाभ घेऊन त्यांनी लहान बलून आणि खुर्चीएवढा पाळणा वापरला. त्या काळी हायड्रोजन लोखंडाच्या किसावर पातळ गंधकाम्ल ओतून तयार करीत, आणि हे खर्चाचे काम होते. बलून जेवढे लहान तेवढा वायू कमी आणि खर्चही कमी. ज्या चिमुकल्या पाळण्याकडे प्रेक्षक नाजूकपणाचे प्रतीक म्हणून पाहत, त्यामागे असा जमाखर्च होता. जमिनीवर त्या मोठ्या आवाजांनी दचकत आणि घोडागाडीत बसण्यासही घाबरत, अशी वर्णने आहेत. आकाशात मात्र त्या निर्धास्त असत.

१८१० मध्ये नेपोलियन ह्यांच्या विवाहानिमित्त पॅरिसमध्ये जे समारंभ झाले, त्यांत शां द मार्सवरून त्यांनी उड्डाण केले. राजकीय उत्सवांच्या अधिकृत बलूनचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढच्या वर्षी राजपुत्राच्या जन्माची वार्ता देणारी पत्रके त्यांनी आकाशातून उधळली. १८१२ मध्ये त्यांनी तुरीन येथून उड्डाण केले. तेथे उंचीवरच्या थंडीने त्यांच्या नाकातून रक्त आले. १८१४ मध्ये साम्राज्य कोसळले आणि अठरावे लुई पॅरिसमध्ये परतले, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी पाँ नफ पुलावरून पुन्हा सोफी ब्लांशार ह्यांचेच बलून वर गेले, आणि नव्या राजवटीनेही त्यांना अधिकृत पद दिले. सिंहासनावरचे पुरुष बदलले, पण बलूनमधील स्त्री तीच राहिली. ह्यास योगायोग म्हणता येणार नाही. दोन परस्परविरोधी राजवटींना सारखीच हवीशी वाटावी अशी व्यावसायिक प्रतिष्ठा त्यांनी मिळविली होती.

६ जुलै १८१९ च्या रात्री पॅरिसच्या तिव्होली उद्यानातून त्या पाळण्याखाली शोभेची दारू बांधून वर गेल्या. गळणाऱ्या हायड्रोजनने पेट घेतला. जमलेल्या प्रेक्षकांपैकी अनेकांना तो खेळाचाच भाग वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजविल्या. बलून र्यू द प्रोव्हाँसवरील एका घराच्या छपरावर आदळले. सोफी ब्लांशार पाळण्यातून रस्त्यावर फेकल्या गेल्या आणि मरण पावल्या.

ह्या अखेरच्या मिनिटांविषयी एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. बलून पेटल्यानंतर त्यांनी भार म्हणून ठेवलेली वाळू टाकून देण्यास आरंभ केला. उतरण्याचा वेग कमी व्हावा, हा त्यामागचा उद्देश होता. बलून जळत असतानाही ते एकदम कोसळले नाही. छपराचा धक्का बसला नसता तर त्या कदाचित वाचल्याही असत्या. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, ज्याला आपण पतन म्हणतो त्याच्या आतही एक कुशल व्यक्ती आपले काम करीत होती.

४

पेर लाशेझ दफनभूमीत लोकवर्गणीतून त्यांचे स्मारक उभारण्यात आले. त्यावर पेटलेले बलून कोरलेले आहे, आणि त्या आपल्या कलेच्या व निर्भयतेच्या बळी ठरल्या, अशा आशयाचा लेख आहे. स्मारक सद्भावनेने उभारले गेले ह्यात शंका नाही. पण पंधरा वर्षांच्या कामातून शिल्पकाराने जे एक दृश्य निवडले, ते शेवटचे होते. पुढील साहित्याची दिशा जणू ह्या दगडानेच ठरवून दिली.

ज्यूल व्हेर्न ह्यांच्या ‘हवेतील एक नाट्य’ ह्या १८५१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या कथेत एक अनाहूत वेडा प्रवासी बलूनमध्ये शिरतो आणि बलूनच्या अपघातांचा इतिहास सांगत सुटतो. त्या इतिहासात मादाम ब्लांशार ह्यांचा मृत्यू येतो. कथेची गरज भयाची आहे. साहजिकच तेथे उड्डाणांचा हिशेब येत नाही, मृत्यूंचा येतो. व्हेर्न ह्यांच्याकडे निदान प्रसंग तरी आहे. दस्तयेव्हस्की ह्यांच्याकडे प्रसंगही गळून पडला आहे आणि केवळ संवेदना उरली आहे. एका स्त्रीचे नाव हे कोसळण्याच्या थराराचे जणू परिमाण झाले आहे. जुगाऱ्याशी केलेली ही तुलना आणखी एका अर्थाने अन्याय्य आहे. जुगारी दैवावर विसंबतो. बलूनचालक वारा, उंची, भार आणि वायू ह्यांचा हिशेब करून दैवाचा वाटा कमी करू पाहतो. ब्लांशार ह्यांनी साठांहून अधिक वेळा हा हिशेब बरोबर केला होता.

ही निवड इतकी सहज का झाली असावी? भाषेकडे पाहिले तर एक कारण हाती लागते. स्त्रीच्या संदर्भात ‘पडणे’ हे क्रियापद अनेक भाषांमध्ये आधीच नैतिक अर्थाने भारलेले आहे. इंग्रजी, फ्रेंच आणि रशियन ह्या भाषांत समाजाने धिक्कारलेल्या स्त्रीसाठी रूढ असलेली विशेषणे पडण्याच्याच कल्पनेतून आली आहेत. मराठीतही ‘पतिता’ हा शब्द आहे आणि ‘पाऊल घसरणे’ हा वाक्प्रचार आहे. पुरुष उंचावरून पडला तर ती महत्त्वाकांक्षेची शोकांतिका होते. स्त्री पडली तर तिने वर जाण्याविषयीच शंका घेतली जाते. पेटत्या बलूनमधून पडलेल्या स्त्रीची प्रतिमा हाती आली, तेव्हा तिचा अर्थ लावणारे रूपक भाषेत आधीच तयार होते. ब्लांशार ह्यांच्या मृत्यूनंतर असले धाडस स्त्रियांना शोभते काय, हा प्रश्न विचारला गेला. पहिले उड्डाण करणाऱ्यांपैकी पिलात्र द रोझिए हेही १७८५ मध्ये बलूनच्या अपघातातच मरण पावले होते. पण बलून चालविणे पुरुषांना शोभते काय, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला नाही.

५

पतन म्हणजे अखेर, हे समीकरण अपरिहार्य आहे काय? ग्रीक परंपरेतील इकारस सूर्याजवळ जातो, पडतो आणि समुद्रात बुडतो. कथा तेथेच संपते. वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडातील संपातीही सूर्याकडे झेपावतो. धाकट्या जटायूला उन्हाची झळ लागू नये म्हणून त्याच्यावर पंख धरतो, पंख जळून विंध्यावर पडतो. परंतु त्याची कथा तेथे संपत नाही. पुढे सीतेचा शोध करणारी हताश वानरसेना त्याच्याजवळ येते, ती लंकेत असल्याचे तोच सांगतो आणि त्याला नवे पंख फुटतात. येथे पतन हा आयुष्याच्या मध्यावरचा प्रसंग आहे. पश्चिमेकडील बलूनविषयक साहित्याने अर्थातच पहिला नमुना स्वीकारला. दुसऱ्या नमुन्यात बसणारी आयुष्ये प्रत्यक्षात होती. पण त्यांच्यासाठी कथनाचे रूप सिद्ध नव्हते.

विल्हेल्मिने रायखार्ड हे त्याचे चांगले उदाहरण आहे. १८११ मध्ये बर्लिन येथून त्यांनी एकटीने उड्डाण केले. जर्मनीतील त्या पहिल्या स्त्री-बलूनचालक मानल्या जातात. त्याच वर्षी ड्रेस्डेन येथील उड्डाणात त्या फार उंचीवर बेशुद्ध पडल्या, बलून फाटून खाली आले आणि तरीही त्या बचावल्या. काही वर्षांनी त्या पुन्हा उड्डाणे करू लागल्या. १८२० मध्ये म्युनिकच्या ऑक्टोबर-उत्सवात त्यांनी सतरावे व अखेरचे उड्डाण केले आणि नंतर हा व्यवसाय सोडला. ह्या कमाईतून ड्रेस्डेनजवळ पतीच्या रासायनिक कारखान्याची उभारणी झाली आणि त्या कारखान्याच्या कामातही त्यांचा सहभाग राहिला. १८४८ मध्ये त्या निवर्तल्या. त्या पडल्या, उठल्या, पुन्हा उडाल्या आणि योग्य वेळी थांबल्या. कोणत्याही कादंबरीने त्यांच्या नावाला परिमाण केले नाही.

त्याच देशातील केटे पाउलुस ह्यांची कारकीर्द ह्याहून दीर्घ होती. त्यांचे सहकारी व वाग्दत्त पती हेर्मान लाटेमान १८९४ मध्ये हवाई छत्री न उघडल्याने मरण पावले, आणि ते पाउलुस ह्यांच्या डोळ्यांदेखत. त्यानंतरही त्यांनी व्यवसाय सोडला नाही. त्यांची बलून-उड्डाणे पाचशेहून अधिक होती. घडी करून पिशवीत बसविता येईल अशी हवाई छत्री विकसित करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि पहिल्या महायुद्धात त्यांनी जर्मन सैन्यासाठी सुमारे सात हजार छत्र्या तयार केल्या. पतन पाहिलेल्या स्त्रीने पतनावरचा उपाय शिवून काढला, ही गोष्ट कोणत्याही कथाकाराला मोह पाडील अशी आहे. तरीही सामान्य वाचकाला मादाम ब्लांशार ठाऊक असतात, पाउलुस नसतात.

६

हा सारा प्रश्न केवळ युरोपचा आहे असे मानण्याचे कारण नाही. १८८९ मध्ये पर्सिव्हल स्पेन्सर ह्यांनी भारतात बलूनचे प्रयोग केले. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन रामचंद्र चट्टोपाध्याय ह्यांनी कलकत्त्यास स्वतः उड्डाण केले, आणि बलून हे आपल्याकडील शहरांतही तिकीट लावून पाहण्याचे दृश्य झाले. १८९२ च्या मार्चमध्ये नबाब अहसानउल्ला ह्यांच्या निमंत्रणावरून व्हॅन टॅसल ह्यांचा अमेरिकन संच ढाक्यास आला. १६ मार्च रोजी जेनेट व्हॅन टॅसल बुडीगंगेच्या पलीकडच्या तीरावरून वर गेल्या. अहसान मंझिलच्या गच्चीवर उतरावे, असा बेत होता. वाऱ्याने त्यांना दूर रमना भागाकडे नेले आणि त्या एका उंच झाडात अडकल्या. बांबू एकमेकांना बांधून त्यांना उतरविण्याचा प्रयत्न झाला. त्या उतरत असताना ती बांधणी टिकली नाही. त्या खाली पडल्या आणि काही दिवसांतच मरण पावल्या. त्यांची कबर ढाक्यातील नारिंदा येथील ख्रिस्ती दफनभूमीत आहे.

येथेही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे पतन बलूनमधून झालेच नाही. उड्डाण पूर्ण झाले होते. अपघात सुटकेच्या प्रयत्नात झाला. परंतु आठवण राहिली ती आकाशातून पडलेल्या गोऱ्या स्त्रीची. संचाचे प्रमुख पार्क व्हॅन टॅसल ह्यांच्याशी त्यांचे नाते पत्नीचे की कन्येचे, ह्याविषयीसुद्धा नंतरच्या लेखनात दीर्घकाळ घोळ राहिला. मृत्यूची तारीख नेमकी आणि आयुष्य मात्र धूसर, अशी ही नोंद आहे. ढाक्याच्या शहरकथांमध्ये त्या आजही येतात, पण त्या येतात त्या एका दिवसापुरत्याच.

७

विसाव्या शतकात बलून तमाशातून स्पर्धेत आले. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडासंघाची स्थापना १९०५ मध्ये झाली आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या त्विलरी उद्यानातून गॉर्डन बेनेट चषकाची पहिली शर्यत सुटली. सर्वांत दूर जाऊन उतरणारा विजयी, असा तिचा नियम होता. १९०९ मध्ये फ्रान्समध्ये मारी सुर्कुफ ह्यांनी ‘ला स्टेला’ हा स्त्रियांचा हवाई मंडळ स्थापन केला. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला मारी मारव्हँ ह्यांनी नान्सीहून निघून, उत्तर समुद्र ओलांडून इंग्लंडच्या किनाऱ्यावर बलून उतरविले. आदल्या वर्षी त्यांना फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकलशर्यतीत स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला होता. त्यांनी तो मार्ग स्वतंत्रपणे पार केला होता. बलूनच्या स्पर्धांतील पारितोषिके मात्र त्यांच्या नावावर नोंदली गेली. ज्या खेळात अंतर मोजले जाते, तेथे मोजपट्टी स्त्री-पुरुष भेद करीत नाही.

उष्ण हवेच्या बलूनला नवे आयुष्य मिळाले ते १९६० मध्ये. अमेरिकेत एड योस्ट ह्यांनी नायलॉनचे आवरण आणि प्रोपेनचा बर्नर वापरून उड्डाण केले. तिब्ल ह्यांच्या सरपणाची जागा आता झडपेने घेतली. १९७३ मध्ये अल्बुकर्की येथे ह्या प्रकारातील पहिली जागतिक स्पर्धा झाली. ह्या स्पर्धेत वेगाला महत्त्व नाही, अचूकतेला आहे. जमिनीवर मोठी फुली अंथरलेली असते. चालकाने दूरवरून उडत येऊन, वाळूची लहान पिशवी बांधलेली रंगीत फीत तिच्या मध्याच्या जास्तीत जास्त जवळ टाकावयाची असते. बलूनला आडवी दिशा देता येत नाही. परंतु वेगवेगळ्या उंचींवर वारा वेगवेगळ्या दिशांनी वाहतो, आणि योग्य वाऱ्यात योग्य वेळी जाऊन बसणे हे चालकाचे कौशल्य आहे. उत्तर गोलार्धात उंची वाढते तसा वारा बहुधा उजवीकडे वळतो, दक्षिण गोलार्धात डावीकडे. शारीरिक बळाचा ह्यात निर्णायक वाटा नाही. जागतिक स्पर्धा तत्त्वतः सर्वांना खुली होती. प्रत्यक्षात तिच्यावर पुरुषांचेच वर्चस्व राहिले.

ह्या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०१४ मध्ये पोलंडमधील लेश्नो येथे स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि ऑस्ट्रेलियाच्या निकोला स्काइफ ह्यांनी ती जिंकली. २०१६ मध्ये लिथुआनियातील बिर्श्टोनास येथे त्यांनी हे पद राखले. दक्षिण गोलार्धात घडलेल्या चालकाला वाऱ्याच्या वळणाविषयीची सवय उत्तरेत उलटी करून घ्यावी लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या यशाचे मोल कळते. परंतु प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते ह्या यशाच्या नोंदीचे रूप. स्पर्धेत अनेक उड्डाणे असतात आणि प्रत्येक उड्डाणात एक वा अधिक कामगिऱ्या असतात. प्रत्येक कामगिरीत फीत मध्यापासून किती अंतरावर पडली ते मोजले जाते आणि त्यावरून, जास्तीत जास्त हजार ह्या प्रमाणात, गुण दिले जातात. एका सकाळचा अचूकपणा पुरेसा नसतो. रोज पुन्हा अचूक असावे लागते. दुसऱ्या शब्दांत, हा खेळ सातत्याचीच नोंद करतो. ज्या गोष्टीसाठी एकोणिसाव्या शतकातील साहित्याजवळ रूप नव्हते, तिला गुणतक्त्यात रूप मिळाले आहे.

ह्याचा पडताळा एका दुःखद प्रसंगानेही पाहता येतो. अमेरिकेच्या कॅरल रायमर डेव्हिस ह्या व्यवसायाने वैद्यक होत्या. रिचर्ड अब्रुझो ह्यांच्या साथीने त्यांनी २००४ मधील गॉर्डन बेनेट शर्यत जिंकली होती. २०१० च्या त्याच शर्यतीत वादळात सापडून त्यांचे बलून एड्रियाटिक समुद्रात कोसळले आणि दोघेही मृत्यू पावले. पतन येथेही आहे. परंतु २०१० च्या नोंदीच्या आधी २००४ ची नोंद आहे आणि ती पुसता येत नाही. त्यांचा उल्लेख विजेत्या म्हणून होतो, आणि सहचालकाच्या मृत्यूहून त्यांच्या मृत्यूला निराळा नैतिक अर्थ चिकटविला जात नाही. ब्लांशार ह्यांच्या स्मारकापासून येथवर झालेला बदल लहान नाही.

८

तथापि गुणतक्ता म्हणजे न्याय, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तक्ता जे मोजता येते तेच ठेवतो. सोफी ब्लांशार ह्यांची जमिनीवरची भीती आणि आकाशातील स्वस्थता, रायखार्ड ह्यांनी पुन्हा उडण्याचा आणि मग थांबण्याचा घेतलेला निर्णय, लाटेमान ह्यांच्या मृत्यूनंतर पाउलुस ह्यांनी केलेले पहिले उड्डाण, ह्यांपैकी काहीही कोणत्याही तक्त्यात मावणार नाही. ते काम साहित्याचेच आहे. साहित्याने ते अद्याप पुरेसे केलेले नाही, एवढेच म्हणावयाचे आहे.

साहित्याभ्यासकापुरता ह्यातून एक पद्धतीविषयक बोध निघतो. स्त्रियांच्या श्रमाचा आणि कौशल्याचा इतिहास शोधताना आपण बहुधा कथांकडे वळतो आणि कथा ज्या प्रसंगी थांबतात तेथेच थांबतो. त्यांच्याबरोबरच नेमणुकीचे आदेश, उत्सवांच्या जाहिराती, पारितोषिकांच्या याद्या आणि गुणतक्ते हीही वाचण्याची संहिता आहे असे मानले पाहिजे. ही कागदपत्रे रुक्ष आहेत. परंतु त्यांचा एक गुण असा की, ती शेवटापासून सुरुवात करीत नाहीत. आपल्याकडील सर्कशीतील, तमाशातील आणि कसरतीच्या खेळांतील स्त्रियांविषयीही हीच पद्धत उपयोगी पडेल. त्यांच्याही वाट्याला पुष्कळदा अपघाताची वा अखेरच्या विपन्नावस्थेची आठवण आली आहे, आणि कितीएक वर्षांचे रोजचे अचूक काम विस्मरणात गेले आहे.

‘जुगारी’मधील तो उल्लेख पुन्हा वाचताना म्हणून थोडे थांबावेसे वाटते. नायकाला जो क्षण आठवतो, त्या क्षणी मादाम ब्लांशार ह्यांना काय वाटले असेल, हे कोणालाही ठाऊक नाही. त्या क्षणी त्या वाळू टाकीत होत्या, एवढे मात्र ठाऊक आहे.